बांबूच्या परांचीचे बांध पुन्हा पुन्हा सैल का पडतात : कारण कसे ओळखावे आणि काय करावे

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी या पट्ट्यात दोन-तीन मजल्यांच्या घरांचा गिलावा आणि रंगकाम अजूनही बऱ्याच ठिकाणी बांबूच्या परांचीवरून होते. या परांचीबद्दल कानावर येणारी तक्रार जवळजवळ नेहमी एकच असते : सोमवारी दोन माणसांनी पाय लावून करकचून आवळलेला बांध शनिवारी हाताने हलतो. तो पुन्हा आवळला जातो, आठ दिवस बरे जातात आणि पुन्हा तीच गत होते. घरबांधणीच्या कामांवर देखरेख करताना मी ही तक्रार अनेक वर्षे ऐकली आणि तिच्यावर बराच काळ चुकीचाच उपाय करत राहिलो, म्हणून हे सविस्तर लिहीत आहे.

तो चुकीचा उपाय म्हणजे अधिक जाड दोर आणणे. दोर तुटत असता तर जाड दोर आणणे योग्य ठरले असते. पण सैल पडलेल्या बांधातला दोर तुटलेला नसतो, तो धडधाकट असतो. दोराची ताकद वेगळी आणि बांधाची पकड वेगळी. दोर दोन बांबूंना एकमेकांवर दाबून धरतो, त्या दाबातून घर्षण निर्माण होते आणि आडव्या बांबूवरचे वजन त्या घर्षणाच्या आधाराने उभ्या बांबूवर उतरते. दाब गेला की दोर कितीही दणकट असला तरी बांध निकामी होतो. जाड दोराची तर आणखी एक अडचण असते : तो हाताने पुरेसा ताणता येत नाही, त्याचा वेढा बांबूला चिकटून बसत नाही आणि गाठ फुगीर राहते. परांची बांधायला आठ ते दहा मिलिमीटरचा दोर हाताला सर्वांत चांगला आवळता येतो, असा माझा अनुभव आहे.

बेळगावच्या अनगोळ भागात एप्रिल महिन्यात एका दुमजली घराच्या बाहेरच्या गिलाव्याचे काम चालू होते. बांबू खानापूरकडून नुकताच आलेला, अंगाने हिरवट. दोर नवा, निळ्या प्लास्टिकचा, गुळगुळीत. दोन आठवडे कडक ऊन पडले आणि मग एका संध्याकाळी वळीव झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी वरच्या फळीवर चढले आणि फळीखालच्या आडव्या बांबूचे एक टोक वीतभर खाली घसरले. त्यांनी खिडकीचे गज धरले म्हणून ते वाचले. गिलाव्याच्या मसाल्याने भरलेले घमेले खाली आदळले. तिथे त्या क्षणी कोणी नव्हते. त्या दिवशी काम थांबवून मी प्रत्येक बांध हाताने चाचपला. एकही दोर तुटला नव्हता, एकही गाठ सुटली नव्हती, तरी निम्म्याहून अधिक बांधांत दोर आणि बांबू यांच्यामध्ये बोट सहज शिरत होते. कामावर बैलहोंगलकडचे एक वयस्कर कामगार होते, सगळे त्यांना मामा म्हणत. ते प्रत्येक बांधाला हात लावून ‘सडिल’, ‘सडिल’ (कन्नडमध्ये सैल) म्हणत पुढे जात होते, आणि शेवटी त्यांनी मला सांगितले की साहेब, हग्ग (म्हणजे दोर) बघू नका, बांबू बघा. त्यांचे म्हणणे अक्षरशः खरे होते.

बांबू वाळतो, म्हणून बांध सैल होतो

लाकूड वाळताना त्यातले बरेच पाणी निघून गेल्यावर मग ते आक्रसू लागते. बांबू मात्र वाळायला लागल्याबरोबर आक्रसू लागतो. हिरव्या बांबूचा व्यास जात आणि वय यांनुसार वाळून साधारण तीन ते बारा टक्क्यांनी घटतो. याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. ऐंशी मिलिमीटर जाडीचा बांबू पाच टक्क्यांनी बारीक झाला, तर व्यास चार मिलिमीटरने कमी होतो आणि त्याचा घेर सुमारे साडेबारा मिलिमीटरने. म्हणजे बांबूभोवतीच्या प्रत्येक पूर्ण वेढ्यात साडेबारा मिलिमीटर दोर फुकट लोंबू लागतो. चार वेढे असतील तर पाच सेंटिमीटर. हा ढिलेपणा दोराने केलेला नाही, त्यामुळे दोर बदलून तो जाणारही नाही.

म्हणून पहिला उपाय खरेदीच्या वेळीच करायचा असतो. बांबू किमान तीन वर्षांचा जून असावा, तोडून सावलीत काही आठवडे उभा वाळवलेला असावा, आणि नखाने खरवडल्यावर आतून ओलसर हिरवा दिसू नये. आपल्याकडे सह्याद्रीच्या पट्ट्यात मिळणारा माणगा हा जवळजवळ भरीव आणि बिनकाट्याचा असल्यामुळे परांचीसाठी फार चांगला. काटेरी कळक जाड मिळतो, पण पोकळ असतो आणि बांध अतोनात आवळला की चिरतो. घाईच्या कामात हिरवा बांबू वापरावाच लागला, तर तो किती आक्रसणार आहे हे गृहीत धरून पहिल्या पंधरा दिवसांत सर्व बांध दोनदा नव्याने कसावे लागतील, हे कामाच्या दिवसांत आधीच मोजून ठेवावे. ठेकेदार हे दिवस धरत नाहीत आणि मग ती कसणी कधीच होत नाही, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे.

नेमके कारण ओळखण्याची सोपी चाचणी

बांबू वाळणे हे मोठे कारण असले तरी एकमेव नाही, आणि प्रत्येक कारणाचा उपाय वेगळा आहे. त्यामुळे पुन्हा पुन्हा आवळत राहण्याऐवजी बांध एकदा नीट आवळून दोन दिवस निरीक्षण करावे. एका मजल्यावरचे सहा-सात बांध निवडावेत. प्रत्येक बांधावर ऑइल पेंटने, दोरावरून उभ्या बांबूवर उतरणारी एक सलग रेघ ओढावी. चुना किंवा गेरू पावसात धुऊन जातो. गाठीतून बाहेर आलेले दोराचे शेपूट बोटांनी मोजून ठेवावे. मग दोन दिवस नेहमीसारखे हलके काम होऊ द्यावे, फक्त त्या मजल्यावर चिरे किंवा विटांचा ढीग ठेवू नये.

दोन दिवसांनी रेघ जागच्या जागी असेल, शेपूटही तेवढेच असेल आणि तरी बांध सैल लागत असेल, तर बांबू आक्रसला आहे किंवा दोर लांबला आहे. रेघ तुटून दोरावरचा भाग खाली गेलेला दिसला, तर बांध अख्खाच घसरला आहे. तिथे पकड कमी पडते. आणि शेपूट आखडले असेल तर गाठ सरकते आहे. ही तिसरी खूण दिसली की त्या मजल्यावर एकाही माणसाला चढू देऊ नये, कारण सरकणारी गाठ सुटताना पुढे कोणतीही सूचना देत नाही.

बांध अख्खा घसरत असेल तर

इथे दोराचा पृष्ठभाग महत्त्वाचा ठरतो. गोल वस्तूभोवती दोराचे वेढे वाढवले की पकड बेरजेने वाढत नाही, गुणाकाराने वाढते. खरखरीत दोर आणि बांबू यांच्यातला घर्षणाचा गुणांक 0.3 धरला, तर तीन पूर्ण वेढ्यांनंतर एका टोकाला लावलेला एक किलोचा जोर दुसऱ्या टोकाला सुमारे दोनशे पंच्याऐंशी किलोंना धरून ठेवू शकतो. गुळगुळीत दोरासाठी तोच गुणांक 0.1 धरला, तर तेच तीन वेढे जेमतेम साडेसहा किलो धरतात. गुळगुळीत निळ्या दोराने तीन वेढ्यांचा बांध बांधणारा माणूस सुंभाच्या सवयीने बांधत असतो आणि तिथेच फसतो.

दुसरी गोष्ट बांबूच्या रचनेतलीच आहे. बांबूच्या पेरांच्या जोडावर किंचित उंचवटा असतो. आडवा बांबू त्या उंचवट्याच्या लगेच वर येईल असा बांधला, तर वजन नुसत्या घर्षणावर राहत नाही, बांधाला खाली टेकायला पायरी मिळते. तसेच उभा बांबू नेहमी बुडखा खाली आणि शेंडा वर असाच लावावा. बुडखा जाड असतो, त्यामुळे बांध चुकून खाली सरकला तरी अधिक जाड भागावर जाऊन स्वतःच आवळतो. उलटा लावलेल्या बांबूवर तो जसजसा सरकेल तसतसा सैल होत जातो. अनगोळच्या कामावर जे टोक घसरले, तो उभा बांबू उलटा लावलेला होता. तोवर मी ही गोष्ट कधी पाहतच नव्हतो.

कसाचे वेढे

माझ्या मते अर्ध्याहून अधिक तक्रारींचे मूळ इथे आहे, म्हणून हे जरा सावकाश लिहितो. उभ्या आणि आडव्या बांबूच्या फुलीवर बहुतेक कामगार दोर तिरका गुंडाळत जातात, पाच-सहा वेढे झाले की ओढून गाठ मारतात. असा बांध दिसायला भक्कम असतो, पण त्यात दोर नुसता गुंडाळलेला असतो, ताणलेला नसतो. योग्य बांध असा : आधी उभ्या बांबूवर, आडवा बांबू जिथे येणार त्याच्या लगेच खाली, खुंट्याची गाठ घालावी. गुरांचे दावे खुंट्याला अडकवताना जी दोन उलट वळशांची गाठ मारतात तीच ही, हिलाच क्लोव्ह हिच म्हणतात. मोकळे शेपूट मुख्य दोराला पीळ घालून त्यातच गुंतवावे. मग दोर आडव्या बांबूच्या पुढून, उभ्याच्या मागून, पुन्हा आडव्याच्या पुढून, उभ्याच्या मागून असा चौकोनी फिरवत तीन पूर्ण फेरे घ्यावेत. प्रत्येक फेरा आधीच्या फेऱ्याच्या शेजारी बसावा, त्यावर चढू नये.

आता खरे काम सुरू होते. दोर दोन बांबूंच्या मधल्या फटीत न्यावा आणि आधीच्या फेऱ्यांवरूनच, दोन्ही बांबूंच्या मधून, तीन वेढे घ्यावेत. यांना आमच्या कामावर कसाचे वेढे म्हणतात. हे वेढे बांबूला स्पर्शही करत नाहीत. ते फक्त आधीच्या फेऱ्यांना कमरेतून आवळतात. ताणलेल्या दोराला मध्यावर आडवे दाबले की टोकांवर कितीतरी पट ताण येतो, आणि तोच ताण हाताने सरळ ओढून कधीही मिळत नाही. प्रत्येक वेढा घेताना दोर हातभर काठीला गुंडाळून काठीने ओढावा, म्हणजे तळहात सोलत नाहीत. शेवटी आडव्या बांबूवर पुन्हा खुंट्याची गाठ घालून तिच्यावर आणखी एक अर्धा फास (दोराचा एकच अडकवलेला वळसा) घालावा आणि दहा-बारा सेंटिमीटर शेपूट सोडावे. ऐंशी मिलिमीटरच्या दोन बांबूंच्या बांधाला अशा रीतीने साधारण चार मीटर दोर लागतो. तीन मीटरचे तुकडे कापून दिले की कामगार कसाचे वेढे गाळणारच, त्यात त्यांचा दोष नाही.

कसाच्या वेढ्यांचा आणखी एक फायदा असा की बांबू आक्रसल्यावर अख्खा बांध सोडावा लागत नाही. शेवटची गाठ सोडून तेवढेच वेढे पुन्हा कसले की सर्व ढिलाई निघून जाते. सैल बांधात पाचर ठोकण्याची पद्धत मात्र पूर्णपणे सोडून द्यावी. पाचर बांबू चिरते, आणि ती स्वतः वाळली की आपोआप निसटून खालच्या माणसाच्या डोक्यावर पडते.

गाठ सरकत असेल तर

दोराची दोन टोके जोडताना उजवे डाव्यावर आणि मग पुन्हा उजवे डाव्यावर अशी एकाच हाताची गाठ मारली, तर ती हलत्या भाराखाली सरकते किंवा उलगडते. उजवे डाव्यावर आणि मग डावे उजव्यावर अशी मारली तर ती सपाट बसते आणि टिकते, पण तीही पुडके बांधण्यापुरतीच चांगली. वेगवेगळ्या जाडीचे किंवा एक सुंभ आणि एक प्लास्टिक असे दोन दोर त्या गाठीने कधीही जोडू नयेत. खरे तर परांचीच्या बांधात जोडलेला दोर असूच नये. आखूड पडला तर तो काढून पूर्ण लांबीचा घ्यावा. गुळगुळीत दोरावर कोणत्याही गाठीनंतर आणखी एक अर्धा फास आणि लांब शेपूट आवश्यकच आहे. शिवाय कोणतीही गाठ दोराची ताकद घटवते, कारण तीव्र वळणावर बाहेरच्या तंतूंवर जास्त ताण येतो; साधारण तिसरा हिस्सा ते निम्मी ताकद गाठीपाशी जाते असे धरूनच दोर निवडावा.

दोर कोणता घ्यावा

बेळगावच्या रविवार पेठेत दुकानदाराला परांचीचा दोर म्हटले की तो सुंभ किंवा प्लास्टिकचा दोर पुढे करतो. सुंभ म्हणजे नारळाच्या काथ्याचा दोर. ताणाला तो कमी, पण पकडीला उत्तम, आणि त्यात लिग्निन या कठीण काष्ठद्रव्याचे प्रमाण मोठे असल्यामुळे पावसात ताग किंवा अंबाडीपेक्षा कितीतरी उशिरा कुजतो. बांबूचे बांध घालायला मी आजही त्यालाच पहिली पसंती देतो. ताग आणि अंबाडी जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात एक हंगामही भरवशाची राहत नाही.

इथे एक समज दूर केला पाहिजे. दोर भिजवून बांधला की वाळल्यावर तो आवळतो, असे पुष्कळ गवंडी सांगतात. चामड्याच्या वादीच्या बाबतीत हे खरे आहे. पिळाच्या दोराच्या बाबतीत नेमके उलटे घडते. ओला झाल्यावर तंतू फुगतात, दोर जाड होतो आणि लांबीला आखडतो. वाळला की पुन्हा लांबतो. ताग, अंबाडी, घायपात यांत हा फरक जास्त, सुंभात कमी. म्हणून ओल्या दोराने बांधलेला बांध ऊन पडताच सैल होतो आणि वळवाच्या पावसाने तात्पुरता घट्ट झाल्यासारखा भासतो. पावसानंतर घट्ट लागलेल्या बांधावर विश्वास ठेवू नये, तो ऊन पडून वाळल्यावर तपासावा. नवा दोर एकदा भिजवून, ताणून, पूर्ण वाळवून मगच वापरला तर हा चढउतार बराच कमी होतो.

बाजारातला प्लास्टिकचा दोर बहुधा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. तो कुजत नाही, हलका असतो, स्वस्त असतो. पण सततच्या ताणाखाली हळूहळू लांबत जातो, आणि उन्हाने त्याचा पृष्ठभाग भुरभुरीत होतो. बोटांनी चोळल्यावर पांढरी भुकटी निघू लागली की तो दोर बाद समजावा. कठड्यावरून घासून जड वस्तू ओढल्यास तो घर्षणाच्या उष्णतेने वितळूही शकतो, कारण त्याचा वितळणबिंदू सुमारे 165 अंश सेल्सिअस इतकाच आहे. नायलॉन जास्त मजबूत, पण बराच ताणला जातो आणि ओला झाला की सुमारे दहावा हिस्सा ताकद गमावतो. झटका झेलण्यासाठी तो चांगला, बांध घालण्यासाठी नाही. फरशी धुण्याचे ॲसिड नायलॉन आणि सुंभ दोन्ही खाते, म्हणून ॲसिडचे काम परांची उतरवल्यावरच करावे. ऊसगाडीला किंवा बोअरवेलच्या मोटारीला वापरून जुना झालेला दोर परांचीला आणण्याची सवय या भागात आहे. तो बाहेरून बरा दिसतो, पण पेड उलगडून आत पाहिले की कापलेले तंतू आणि वाळूचे कण दिसतात. पैसे वाचवण्याची ती जागा नव्हे.

रंगाऱ्यांच्या झुल्याविषयी थोडक्यात. झुल्याचा दोर आणि माणसाचा जीवदोर वेगवेगळे असावेत, दोन्ही वेगवेगळ्या भक्कम जागी बांधलेले असावेत, आणि जीवदोर परांचीला बांधलेला नसावा. कमरेचा नुसता पट्टा पुरेसा नाही. आयएस 3521 या भारतीय मानकाचा पूर्ण अंगाचा पट्टा घ्यावा. जिथे न आवळणारा फास हवा तिथे बोलाइन ही गाठ शिकून घ्यावी. कठड्याच्या कडेवर दोराखाली गोणपाटाची जाड घडी ठेवावी.

उभ्या असलेल्या परांचीवर दुरुस्ती कशी करावी

सैल बांध सापडला की पहिले काम म्हणजे त्या मजल्यावरचा माल आणि माणसे खाली उतरवणे. पन्नास किलोची सिमेंटची एक गोणी आणि चार जांभ्याचे चिरे एवढा भारही सैल बांधाला पुरेसा धोकादायक आहे. त्यानंतर जुना बांध सोडण्याआधी त्याच्या शेजारी नवा बांध घालावा, तो पूर्ण कसावा, आणि मगच जुना सोडावा. एका वेळी एकच बांध. तिरके बांबू, ज्यांना आपण कैची म्हणतो, ते सैल असतील तर आधी तेच कसावेत, कारण कैची ढिली असेल तेव्हा परांची वाऱ्याने डुलते आणि प्रत्येक डुलण्याबरोबर बाकीचे बांध उकलत जातात. उभा बांबू वाढवताना दोन बांबू हातभर नव्हे, पुरुषभर एकमेकांवर यावेत आणि किमान तीन ठिकाणी बांधावेत.

परांचीच्या सुरक्षिततेसाठी आयएस 3696 या मानकाचा पहिला भाग 1987 पासून उपलब्ध आहे. देखरेख करणाऱ्याने तो एकदा तरी वाचावा. तीन मजल्यांच्या वरच्या कामाला मी बांबू सुचवत नाही, तिथे लोखंडी पाइप आणि क्लॅम्पच घ्यावेत.

तपासणी दररोज सकाळी काम सुरू होण्याआधी, आणि प्रत्येक जोरदार पावसानंतर व वाऱ्यानंतर करावी. एकाच माणसाकडे ती जबाबदारी असावी, आणि त्याला परांची बंद ठेवण्याचा अधिकारही असावा. तपासलेल्या बांधावर त्याने रंगाचा ठिपका द्यावा, दर आठवड्याला रंग बदलावा, म्हणजे कुठला बांध सुटून गेला ते खालूनच दिसते. कामगार कन्नड, मराठी, हिंदी असे मिसळलेले असतात. ‘सैल’, ‘सडिल’, ‘ढीला’ यांपैकी कोणताही शब्द वरून ऐकू आला की सर्वांनी हातातले काम थांबवायचे, हे पहिल्याच दिवशी सर्वांसमोर ठरवून घ्यावे. आणि बाद केलेला दोर कोपऱ्यात टाकून ठेवू नये, कोयत्याने त्याचे हातभर लांबीचे तुकडे करावेत. नाहीतर पुढच्या कामावर तोच दोर कोणीतरी पुन्हा उचलतो.